नायकाच्या गळ्याला पुट्टी

त्या नटाचा गळा मला जितका माहीत आहे, तितका त्याच्या घरच्यांनाही माहीत नसेल. हनुवटीखाली कातडीच्या दोन सैल पट्ट्या, त्यांच्यामध्ये खड्डा, मान वळवली की उमटणाऱ्या तीन आडव्या घड्या, आणि डाव्या कानामागे विगची जाळी चिकटवल्याची बारीक रेघ. हे सगळं मी पाच महिने रोज पुसत होते. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं असतात. एका चित्रातला गळा साफ झाला की पुढच्या चित्रातला घ्यायचा.

मी कार्डिफला शिकत होते. सिनेमासाठी संगणकावर जी कामं होतात त्यांचं शिक्षण. आमच्या कोर्समध्ये एक वर्ष कंपनीत काढावं लागतं. मला जागा मिळाली लंडनजवळच्या स्लाऊला, तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका युनिटच्या वरच्या मजल्यावर. खाली टाइल्सचं गोडाऊन होतं, त्यामुळे फोर्कलिफ्ट मागे यायला लागली की तिचं टीं टीं वरपर्यंत ऐकू यायचं. मला वाटलं होतं राक्षस करायला मिळतील, कोसळणारे पूल मिळतील. मिळालं ते ब्यूटी वर्क. मुंबईहून सिनेमे यायचे आणि आम्ही नटांची वयं काढून टाकायचो.

बाबांना हे फोनवर समजावून सांगायला मला दोन दिवस लागले. ते वर्ध्याकडच्या एका तालुक्याच्या गावी घरांना रंग देतात. सातवी शिकलेले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या शिक्षणाबद्दल ते काही विचारायचे तेव्हा इतकं जपून विचारायचे की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

"म्हंजे चेहऱ्यावरच्या भेगा बुजवतं तू?"

"हो बाबा. सुरकुत्या."

"मंग पुट्टीच की ते!" त्यांना एकदम हायसं वाटलं. "पहिले घासून घ्या लागते, मंग पुट्टी, मंग पॉलिश पेपर. घाई नाही करायची. अन् भितीले आतून ओल असंन तर कितीबी भर, दोन महिन्यांत पापुद्रे निघते."

मी हसले. बाबांचं काम मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. भिंतीच्या खालच्या भागाला गडद रंग आणि वर फिका रंग दिला, की मधली रेघ ते हातानंच ओढतात. पट्टी नाही, दोरी नाही. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत श्वास रोखून चालत जातात आणि रेघ तसूभरही ढळत नाही. लोक मुद्दाम बघायला थांबतात.

मग त्यांनी विचारलं, हा नट कोण. मी सांगितलं.

"त्याच्या गळ्याले हात लावला तू?"

"हात नाही बाबा. माउस."

तरुणपणी बाबा त्याच्यासारखा भांग पाडायचे. आई-बाबांच्या लग्नाच्या फोटोत बाबांच्या शर्टाची कॉलर त्याच्यासारखीच, कानापर्यंत आलेली. पण ते प्रेम केव्हाच आटलं होतं. गेल्या काही वर्षांत टीव्हीवर त्याचा सिनेमा लागला की बाबा चॅनल बदलायचे. "घरी पाहुणा आला, जेवला, झोपला, चार दिस राह्यला, ठीक आहे," ते म्हणायचे. "हा तं जायाचं नावच नाही घेत. वरून आपल्याच ताटात हात घालते."

तरी त्या दिवशी फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलंच, "नाव येईन का तुहं? शेवटी येते ना, बारीक अक्षरात?"

मी म्हटलं, "कदाचित." ही माझी चूक. पुढच्या रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं की पोरीचं नाव पडद्यावर येणार आहे. वस्तीतल्या कोणाचंही नाव तोवर पडद्यावर आलेलं नव्हतं. आईनं मला नंतर सांगितलं की बाबांनी 'कदाचित' हा शब्द गाळला होता.

खरं म्हणजे आमच्यासारख्या कंपनीला शेवटच्या यादीत पाच-सहा नावांचीच जागा मिळते आणि शिकाऊ मुलांना त्यात सहसा कोणी घेत नाही. आमचा टीम लीड पुण्याचा होता, पस्तिशीचा, वर्क व्हिसावर आलेला. मी त्याला दादा म्हणायचे. ऑफिसमध्ये सगळे एकमेकांना नावानं हाक मारत असल्यामुळे त्याला त्याचं हसू यायचं. मी विचारल्यावर तो म्हणाला, "बघू. एक नाव माझ्या हातात असतं. काम क्लीन झालं पाहिजे."

काम क्लीन व्हावं म्हणून मी जीव तोडून गळा घासत राहिले.

किळस कधी सुरू झाली ते नक्की सांगता येणार नाही. पहिल्या आठवड्यात उत्सुकता होती. पण रोज आठ तास एकच माणूस, चौपट मोठा करून, इतक्या जवळून बघितला की तो माणूस राहतच नाही. रंगवलेल्या केसांच्या मुळाशी पांढरे खुंट. पावडर घामानं फुटून झालेल्या बारीक गोळ्या. प्रेमाचं वाक्य म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात तार धरणारी थुंकी. तीही मी पुसायचे. जेवायच्या सुट्टीत डबा उघडला की वांग्याच्या भाजीतली चकाकती साल बघून मला तो गळा आठवायचा आणि मी झाकण लावून टाकायचे.

मग मला स्वतःचीच लाज वाटायची. माझ्या आजोबांचा गळा याहून सैल होता. मी त्यांच्या गळ्याला मिठी मारून झोपायचे. मग म्हाताऱ्या कातडीची किळस मला कशी येईल? हळूहळू माझ्या लक्षात आलं, की किळस सुरकुतीची नव्हती. साठी उलटलेल्या माणसानं कॉलेजातल्या पोराचं काम करायचं, माझ्या वयाच्या मुलीमागे डोंगरावर धावायचं, दम लागला की तो शॉट कापून टाकायचा, आणि हे कोणाला दिसू नये म्हणून माझ्यासारख्या वीस जणांनी डोळे फोडायचे, याची होती. आणि लोकांना हे नको होतं! ट्रेलर आला तेव्हा खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. 'आजोबा, हळू, गुडघा जाईल.' 'हिरोईन नातीच्या वर्गातली का?' 'आता पुरे करा हो, हात जोडतो.' एकाचीही तारीफ नव्हती.

मी ते दादाला दाखवलं. तो चहा घेत होता.

"अगं, लोक कंटाळलेत हे त्यांनाही माहितीये," तो म्हणाला. "म्हणून तर आपल्याकडे काम आलं. लोकांना हवा असता तर आहे तसाच दाखवला असता ना. फुकट."

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या काकू मूळच्या नागपूरच्या, तिसेक वर्षं इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या. त्या तर ट्रेलर बघून सरळ म्हणाल्या, "याचा बीपी किती असंन गं?"

मार्चमध्ये तो शॉट आला. गाण्यातला, चार सेकंदांहूनही कमी. गाणं वेल्समधल्या एका डोंगरउतारावर चित्रित केलेलं होतं, पण सिनेमात ते स्वित्झर्लंड असणार होतं, म्हणून मागच्या मेंढ्या पुसायचं काम दुसऱ्याकडे होतं. माझ्याकडे पुढची दोन माणसं. नायक येतो, मुलीला जवळ ओढतो आणि तिच्या मानेत तोंड घालतो. त्याचा चेहरा दिसत नाही, नुसती पाठ दिसते. त्याच्या खांद्यावरून तिचा चेहरा दिसतो.

त्याचे ओठ मानेला लागतात त्या क्षणी तिचा चेहरा आक्रसतो. डोळे घट्ट मिटतात, नाकपुड्या बंद होतात, ओठ आत ओढले जातात. दूध नासलंय का हे बघायला भांडं नाकाशी नेलं आणि ते नासलेलंच निघालं, तर होतो तसा चेहरा. आरशात न बघताही मला तो ओळखता आला. पाच महिने मी तोच चेहरा करून बसले होते.

मुंबईहून आलेली सूचना एका ओळीची होती. 'मुलगी नाराज दिसते, तिला खुश करा.'

त्यासाठी त्यांनी तो पूर्ण टेक पाठवला होता, म्हणजे नायक येण्याआधीचा आणि काम थांबवल्यानंतरचा भागही. सुरुवातीला मुलगी कॅमेऱ्यामागच्या कोणाकडे तरी बघून हसत होती. वाऱ्यानं तिची शाल तोंडावर आली होती आणि ती बाजूला करताना ती अगदी मनापासून हसली. आणि शेवटी, नायक तिला सोडून वळतो, कोणीतरी त्याच्या अंगातल्या कोटावर आणखी एक जाड कोट टाकतं, आणि मागे ती मनगटानं मान पुसते. एकदा पुसते. मग परत एकदा. मग मनगटाकडे बघते.

हा शेवटचा तुकडा सिनेमात नव्हता. तो फक्त आमच्याकडे होता. मी तो किती वेळा पाहिला ते मोजलं नाही.

मी दादाकडे गेले. "हा शॉट मला नको."

"का? अवघड आहे?"

"नाही. म्हणजे… तिला नकोय ते. दिसतंय."

"दिसतंय म्हणूनच आपल्याकडे आलाय." त्यानं खुर्ची वळवली. "सुरुवातीला ती हसलीय बघ. तिथून तोंड उचल, इथे बसव. दोन-तीन दिवसांचं काम."

"पण दादा, ती त्याच्याकडे बघून हसली नव्हती."

वाईट माणूस नव्हता तो. "हे बघ, तो अभिनय असेल. थंडी वाजली असेल. त्याच्या परफ्यूमचा वास सहन झाला नसेल. तुला माहितीये? मलाही नाही. आपण तिथे नव्हतो."

हे त्याचं म्हणणं मला अजूनही पूर्ण खोडता येत नाही. मी तिथे नव्हते, हे खरंच.

"आणि तू नाही केलास तर मी करीन," तो म्हणाला. "शॉट तर जाणारच. शुक्रवारी नावांची लिस्ट जातेय. हा क्लीन झाला की तुझं नाव टाकतो. तूच म्हणाली होतीस ना, बाबा वाट बघतायत?"

मी खाली जाऊन गोडाऊनच्या मागच्या पायऱ्यांवर बसले आणि बाबांना फोन केला. काय सांगायचं ते ठरवलं होतं. सांगायचं होतं की नाव येणार नाही. पण बाबाच आधी बोलले. विहारातल्या पाच जणांनी सोबत यायचं ठरवलं होतं. एकाचा टेम्पो होता. बाबांनी पांढरा शर्ट शिवायला टाकला होता.

"शर्ट कशाले बाबा? अंधारात कोण बघणार?"

"नाव येते तेव्हा लाइट लागते ना," बाबा म्हणाले.

मी वर आले आणि शॉट उघडला.

तिचं हसू उचललं, तिच्याच तोंडावर बसवलं. ओठांच्या कडा जुळवल्या, गालांवरची सावली फिरवली. मिटलेले डोळे तसेच ठेवले, पण भुवयांमधली आठी काढली, नाकपुड्या सैल केल्या. घट्ट मिटलेले डोळे हळूच मिटल्यासारखे दिसायला लागले, म्हणजे सुखानं. तीन दिवस लागले. दादानं मोठ्या स्क्रीनवर चार वेळा लावून बघितलं आणि म्हणाला, "क्लीन! कोणाच्या बापाला कळणार नाही."

मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण झाला. कोणीतरी माझ्या कामाला पहिल्यांदाच इतकं चांगलं म्हटलं होतं. माझ्या जागेवर परत आले तेव्हा उजवा हात मी जीन्सवर घासत होते, एकदा, मग परत एकदा. मग मला ती आठवली आणि मी हात मांडीखाली दाबून बसले.

सिनेमा आला. पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला काकूंना घेऊन गेले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही पंधरा-सोळा जण असू. समोरच्या रांगेत एक कुटुंब होतं, त्यातले आजोबा पहिल्या मारामारीलाच झोपले. नायकानं एका फटक्यात सहा जणांना आडवं केलं तेव्हा मागून कोणीतरी हिंदीत म्हणालं, "आता यालाच उचलायला चार लोक लागतील." हशा झाला. तेवढाच काय तो.

पडद्यावर गळा गुळगुळीत होता. प्लॅस्टिकच्या बादलीसारखा. मी इतकं केलेलं काम कोणालाच आवडत नव्हतं. खरं तर त्यामुळेच तो जास्त ओंगळ दिसत होता, पण सगळ्यांना वाटत होतं की तो तसाच आहे.

गाणं आलं. चार सेकंद आले आणि गेले. काकू पर्समध्ये बडीशेप शोधत होत्या. मग मान वर करून म्हणाल्या, "आजकालच्या पोरींनाबी लाज नाही. हसून राहिली पाहा कशी, त्या थेरड्याच्या मिठीत."

मी तेव्हाच खरं सांगायला पाहिजे होतं. तिच्या नावावर ती निर्लज्जता मी चिकटवली होती, आणि काकूंसारखी आयुष्यभर लोकांची दुखणी बघितलेली बाईसुद्धा फसली होती. मी उठले. नावं सुरू व्हायला अजून अर्धा तास होता. काकूंना वाटलं मला सिनेमाचा कंटाळा आला. त्या लगेच उठल्या, "चल बाई, सुटलो." त्यामुळे माझं नाव मी स्वतः आजवर पाहिलेलं नाही.

बाबा पुढच्या शनिवारी सिनेमाला गेले. त्यांचा तीनचा खेळ सुटला तेव्हा माझ्याकडे दुपारचा एक वाजून गेला होता. मी काकूंच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. फोन स्पीकरवर ठेवला.

"पाह्यलं!" बाबा जवळजवळ ओरडत होते. मागे टेम्पोचा आवाज येत होता. "सिनेमा संपला अन् त्यानं दारं उघडली, झाडूवाले आत घुसले. मी म्हणलं, थांब रे बापा, माह्या पोरीचं नाव आहे. तो म्हणे, काका, इथं कोणी पाहात नाही. मी म्हणलं, मी पाहतो. मंग थांबला बिचारा. आम्ही सहाबी जण उभे होतो. आलं ना माय! खालून वर गेलं. म्या फोटो घेतला."

"पाठवा ना."

"पाठवतो, पाठवतो." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "एक विचारू का? ते गाणं आहे ना, डोंगरावरचं. त्यातली पोरगी."

लाटणं माझ्या हातातच राहिलं.

"ते तोंडानं हसून राहिली, अन् हातानं त्याले ढकलून राहिली. हे काय आहे? मले काही समजलं नाही."

"हात?"

"त्याच्या दंडापाशी, कोटाच्या घडीत तिचा हात आहे ना. पंजा. बोटं पाह्य तू, कशी ताठ आहेत. मी भिती ढकलतो तसा."

मला तो हात माहीतच नव्हता. मुद्दाम ठेवला असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण सूचना चेहऱ्याबद्दल होती, मी चेहराच बघत होते. दादानंही चेहराच पाहिला, मुंबईवाल्यांनीही. चार सेकंदांत कोटाच्या घडीतला पंजा बघायला सगळं आयुष्य भिंतींचे कोपरे तपासणारा माणूसच लागतो.

"पोरी?"

"तोंड मी केलंय बाबा," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"ती हसत नव्हती. मला सांगितलं होतं हसवायला."

टेम्पोचा आवाज बंद झाला. बाबा बहुतेक खाली उतरले होते. कोणीतरी लांबून म्हणत होतं, "चला ना भाऊ, पेढे घ्या लागते ना?" बाबांनी त्याला हातानं थांब म्हटलं असावं.

"अन् हात?"

"हात तिचा आहे."

"बरं," बाबा म्हणाले. आणखी काही विचारलं नाही. रागावलेही नाहीत. "जेवली का?" म्हणाले. मी हो म्हटलं. "ठीक आहे मंग," म्हणाले आणि फोन ठेवला. काकू गॅसपाशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पोळी करपायला लागली तरी त्यांनी ती उलटली नाही.

फोटो आला नाही. रविवारी विहारात तो सगळ्यांना दाखवायचं ठरलं होतं, आईनं तो मोठा करून आणायला स्टुडिओवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. सोमवारी मी विचारलं.

"तो फोटो काही नीट नाही आला," बाबा म्हणाले. "हात हालला माहा. काहीच वाचता येत नाही. काढून टाकला."

मी बरं म्हटलं. बाबांचा हात हलत नाही.